सायकल ठेवून आणलेली पोथी

८ जानेवारी

आज अण्णांच्या खोलीचं कुलूप काढलं. ते जाऊन चौदा महिने झाले. लेकीला फिजिओथेरपीच्या दवाखान्यासाठी खोली हवी आहे आणि घरात दुसरी खोली नाही, म्हणून हा मुहूर्त लागला.

आत दोनशे शहाऐंशी पोथ्या आहेत. सगळ्या हाताने लिहिलेल्या, कापडात बांधलेल्या, तीन भिंतींना छतापर्यंत. चौथ्या भिंतीला खिडकी आहे म्हणून ती बचावली. माझ्या वडिलांनी जन्मभर हेच केलं. जुन्या पोथ्या मिळवायच्या, वाचायच्या आणि त्यांवर लेख लिहायचे. ते लेख जगात फार तर पन्नास माणसं वाचत असतील. जाण्याआधी मला म्हणाले, "विद्यापीठाला दे. फोडू नकोस." तुला जमेल का, वेळ आहे का, काही विचारलं नाही. विचारायची त्यांना सवयच नव्हती.

मी एकतीस वर्षं सरकारी लिफ्ट तपासनीस होतो. पोथ्यांतलं मला ओ की ठो कळत नाही. ही वही नोकरीतली सवय आहे, जे पाहिलं ते त्याच दिवशी लिहायचं. उद्यावर टाकलं की माणूस त्यात स्वतःच्या सोयीचं घालतो.

११ जानेवारी

विद्यापीठाच्या ग्रंथपाल बाई येऊन गेल्या. किरकोळ बांधा, आवाज मात्र खणखणीत. चहाला नाही म्हणाल्या, कारण पोथ्यांच्या खोलीत चहा आणायचा नसतो. मग खोलीबाहेर येऊन दोन कप प्यायल्या.

एक पोथी उघडून त्या पंधरा मिनिटं उभ्याच राहिल्या. खुर्ची सरकवली तरी कळलं नाही. जमिनीखालचं पाणी कसं ओळखावं, विहीर कुठे खोदावी, याची ती पोथी आहे. पुरी प्रत दुसरीकडे कुठेही नाही आणि अण्णांचा मोठा ग्रंथ या एका पोथीवर उभा आहे, असं त्यांनी सांगितलं.

"खरं सांगू का? समितीने होकार दिला तो हिच्यामुळे. ही आली तर संग्रहाला वेगळी खोली आणि दारावर तुमच्या वडिलांच्या नावाची पाटी. ही नसेल तर मला पुन्हा समितीपुढे जावं लागेल, आणि ते काय म्हणतील ते मी सांगू शकत नाही."

ताईला फोन केला. पाटीचं ऐकून ती रडली. आमच्या हिने एवढंच विचारलं, "खोली कधी मोकळी होईल?"

१५ जानेवारी

चार दिवस खपून पोथ्या आकाराप्रमाणे लावल्या. लांब खाली, आखूड वर. अण्णांनी कशा लावल्या होत्या देव जाणे, लहानीशेजारी मोठी, मोठीखाली अर्धी. काहींच्या आत कागदाच्या चिठ्ठ्या होत्या. वाचता वाचता घातलेल्या खुणा असाव्यात. अशा बारा निघाल्या. एका पाकिटात भरून ठेवल्या. आता खोली कशी शिस्तीत दिसते.

१९ जानेवारी

ग्रंथपाल बाईंना खोलीचे फोटो पाठवले. शाबासकीची वाट बघत होतो. फोनच आला.

"तुम्ही रचना बदललीत?"

"नीट लावली."

"आणि पोथ्यांतल्या चिठ्ठ्या? त्या कुठे आहेत?"

"पाकिटात."

मग त्यांनी समजावलं, आणि समजावण्याचा तो सूर मला ओळखीचा होता. लिफ्टच्या दारात काठी अडकवून ठेवणाऱ्या पहारेकऱ्याशी मी तसाच बोलायचो. अण्णांच्या चिठ्ठीवर त्या त्या पोथीची पहिली ओळ लिहिलेली असते म्हणे, आणि पोथी कुठून आली तेही. चिठ्ठ्या पुन्हा जागच्या जागी गेल्याशिवाय यादी होणार नाही. त्यांच्याकडे हे वाचणारी दोनच माणसं आणि त्यांच्यापुढे वर्षभराचं काम पडलेलं.

"पण चिठ्ठ्यासुद्धा जुन्या लिपीत आहेत," मी म्हणालो.

"वडिलांच्या टेबलाच्या काचेखाली अक्षरांचा तक्ता आहे, मी पाहिला. तुम्ही काढल्यात, तुम्हीच जुळवा."

साठाव्या वर्षी पुन्हा पहिलीत.

२ फेब्रुवारी

तक्ता समोर ठेवून रोज सकाळी दोन तास बसतो. ही लिपी लिहिणाऱ्यांना हात उचलायचा कंटाळा असावा. सगळं एकमेकांत गुंतलेलं. हिने दोनदा विचारलं, जेवायला येताय की तिथेच आणून देऊ. मी सांगितलं, त्या खोलीत जेवण आणायचं नसतं.

आज पहिली चिठ्ठी पुरी लागली. वर पोथीची पहिली ओळ. खाली कुणाच्या घरून आणली ते, "पुलापलीकडचे वैद्य". त्याखाली एकच शब्द. तो तीनदा लावून पाहिला, कारण पटेना. शिवणयंत्र.

आईचं शिवणयंत्र मी सहावीत असताना दुरुस्तीला गेलं होतं. पुढे दुकानदार पळून गेला असं घरात सांगायचे.

६ फेब्रुवारी

अकरा चिठ्ठ्या झाल्या. भिंतीवरचं घड्याळ. रेडिओ. ताईची बाजाची पेटी. आजोबांची दुर्बीण. आता पद्धत समजली. अण्णांकडे पोथी विकत घ्यायला पैसे नव्हते आणि लोक विकायला तयारही नसत. म्हणून "आठ दिवसांत वाचून देतो" म्हणायचं, आणि विश्वासाला घरातली एखादी वस्तू तिथे ठेवायची. आठ दिवसांचं वर्ष व्हायचं, वर्षाची दहा वर्षं. वस्तू तिकडची झाली, पोथी इकडची.

ताईला पेटीचं सांगितलं. ती म्हणाली, "अरे, मला वाटायचं उंदरांनी भाता कुरतडला म्हणून टाकली." थोड्या वेळाने म्हणाली, "जाऊ दे. मला गळा कुठे होता?" गळा होता. शाळेत बक्षीस मिळालं होतं तिला.

९ फेब्रुवारी

बारावी चिठ्ठी. पोथी पाण्याची. वस्तू, सायकल.

घरात सायकल एकच होती आणि ती माझी होती. चौदाव्या वर्षी मामाने घेऊन दिली होती, हिरवी, पुढच्या चाकावर दिवा असलेली. सात महिने चालवली. एका सकाळी जिन्याखाली नव्हती. अण्णा म्हणाले, कुलूप लावलं नसशील. मी लावलं होतं. मी शपथेवर सांगितलं, तरी घरात आलेल्या प्रत्येकाला "आमचे चिरंजीव वेंधळे" ही गोष्ट ऐकवली गेली. मामाने पुन्हा काही दिलं नाही. पुढे नोकरीत मी प्रत्येक दार दोनदा ओढून पाहायचो. लोक म्हणायचे, साहेब फार काटेकोर.

मला राग आला आहे. माणूस हयात नाही, त्यामुळे हा राग न्यायचा कुठे तेही कळत नाही. टेबलावरची काच उचलून तो तक्ता फाडणार होतो. फाडला नाही, अजून यादी व्हायची आहे.

१० फेब्रुवारी

काही केलं नाही.

१४ फेब्रुवारी

यादीबरोबर विद्यापीठाचं प्रतिज्ञापत्र भरायचं आहे. "सदर संग्रह पूर्णतः माझ्या मालकीचा असून त्यावर अन्य कोणाचाही हक्क नाही." खाली सही.

ताई म्हणाली, "कर की सही. इतक्या वर्षांत कोण आलंय मागायला?" ग्रंथपाल बाईंनी आढेवेढे घेत तेच सुचवलं. "चिठ्ठ्या म्हणजे काही करार नव्हेत. मी तुम्हाला काही सांगितलं नाही, पण कुणी विचारायला येणार नाही."

मी एकतीस वर्षांत ज्या लिफ्टचा दोर स्वतः पाहिला नाही तिच्यावर सही केलेली नाही. एकदा मंत्र्याच्या घरची होती, तरी नाही. त्यापायी बदली झाली आणि हिचे शिव्याशाप खाल्ले. आता निवृत्तीनंतर बट्टा लावून घेणार नाही. बारा घरांना बारा पत्रं टाकली. आपली पोथी आमच्याकडे आहे, विद्यापीठास देण्याचा विचार आहे, आपली हरकत नसल्यास कळवावे.

ताई म्हणाली, "आ बैल मला मार!"

११ मार्च

अकरा उत्तरं आली. नऊ घरांनी लिहिलं, विद्यापीठात जाऊ द्या. त्यातल्या काहींना आपल्या घरी कधी पोथी होती हेच माहीत नव्हतं. दोघांनी परत मागितल्या, त्यांना पोचवून आलो. घड्याळवाल्यांचा मुलगा घड्याळ घेऊन स्वतः आला. ते वीस मिनिटं मागे चालतं. हिने लगेच भिंतीवर लावलं. शिवणयंत्राचे पाय एका बागेत कुंडीखाली आहेत असं कळलं.

बारावं उत्तर नाही. पाण्याच्या पोथीचं.

१४ मार्च, गुरुवार

पत्राला उत्तर नाही म्हणून पत्त्यावर गेलो. चिठ्ठीतलं घर कधीच पडलं. तिथल्या दुकानदाराने पत्र पुढे पोचवलं होतं, त्यानेच नवा पत्ता दिला. चौथा मजला. लिफ्टचा दाखला दोन वर्षांपूर्वी संपलेला, म्हणून जिन्याने चढलो.

दार एका बाईंनी उघडलं. ऐंशीच्या पुढच्या, ताठ, कानाला ऐकण्याचं यंत्र. एकट्याच राहतात. मी नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, "पत्रवाला का? ये. चपला आत काढ, बाहेर राहत नाहीत."

पत्र टेबलावर औषधांच्या डबीखाली होतं, घड्या पडून मऊ झालेलं.

"काकू, उत्तर नाही आलं म्हणून..."

"दिलं नाही म्हणून नाही आलं. 'आपली हरकत नसल्यास' असं लिहिलंयस. माझी हरकत आहे का, हे या जन्मात पहिल्यांदा कुणी विचारलं. म्हटलं, राहू दे थोडे दिवस. घाई काय आहे?"

मग त्यांनी सगळं सांगितलं. पोथी त्यांच्या वडिलांच्या हातची. ते विहिरींच्या जागा सांगत गावोगाव फिरायचे. लग्नात काकूंनी माहेरून हट्टाने मागून आणली ती एवढी एकच वस्तू. ती वाचायला वडिलांनी भावांना शिकवलं, यांना नाही. काकू बाळंतपणाला गेल्या होत्या तेव्हा अण्णा आले आणि यांच्या यजमानांनी पोथी काढून दिली. परत येऊन बघतात तर कपाटात पोथी नाही आणि दारात सायकल.

"थोरला सात वर्षं त्याच सायकलने शाळेला गेला. फार लांब होती शाळा. शिकला, चांगलं झालं त्याचं. मी काय बोलणार?" मग म्हणाल्या, "तुझे वडील आले होते एकदा. वर्ष-दीड वर्षाने. पोथी घेऊनच आले होते. म्हणाले, ही घ्या, सायकल द्या, आमचा मुलगा माझ्याशी बोलत नाही. आमचे हे म्हणाले, आता जमणार नाही, पोराची शाळा बुडेल. पोथी तुम्हीच ठेवा कायमची, फिटंफाट झाली. मी आतून ऐकत होते. मला हाक मारतील म्हणून पदर नीट करून उभी होते."

"मग?"

"मग काही नाही. गेले ते."

अण्णा तिथवर गेले होते हे मला माहीत नव्हतं. त्या वर्षी मी त्यांच्याशी बोलत नव्हतो हे त्यांच्या लक्षात आलं होतं, हेही नव्हतं. मी म्हणालो, "काकू, ती सायकल माझी होती. मलाही कुणी विचारलं नव्हतं."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. कानातलं यंत्र जरा दाबून बसवलं. "तुझी होती होय?" म्हणाल्या. "हिरवी?" आणि मग, "उभा का? बस ना. चहा टाकते."

१८ मार्च

ग्रंथपाल बाईंना सांगितलं. त्या खूश झाल्या. "म्हणजे प्रश्नच मिटला! यजमानांनी स्वतः कायमची दिली. अदलाबदल पुरी झाली. ती तुमच्या वडिलांची, म्हणून आता तुमची. बिनधास्त सही करा."

सुंठीवाचून खोकला गेला म्हणतात तसं. दोर शाबूत, दाखला द्यायला हरकत नाही.

संध्याकाळी हिला विचारलं. ही म्हणाली, "माझं शिवणयंत्र तुम्ही कुणाला देऊन आलात आणि तो म्हणाला फिटंफाट, तर मी तुमच्या टाळक्यात काय घालीन?" मी म्हणालो, तुझ्याकडे शिवणयंत्र नाही. "म्हणूनच वाचलात," म्हणाली.

२१ मार्च, गुरुवार

पोथी काकूंना देऊन आलो.

हे बरोबर की चूक, मला ठाऊक नाही. अण्णा "फोडू नकोस" म्हणाले होते आणि मी त्यातला मोतीच काढून दिला. त्यांचा राग म्हणून दिली का, हेही स्वतःला विचारलं. थोडा असेल. पण जिना चढताना राग नव्हता, धाप होती.

काकूंनी कापड सोडलं. पानांवरून हात फिरवला नाही की डोळ्याला लावली नाही. पहिलं पान माझ्यापुढे धरलं आणि म्हणाल्या, "काय लिहिलंय?"

मी म्हणालो, मला नीट येत नाही.

"जेवढं येतं तेवढं वाच."

पाऊण तासात तीन ओळी लागल्या. "पाणी आहे असे सांगणाऱ्याने आधी एक दिवस त्या जागी उगी बसून राहावे. कोणता पक्षी कोठे उतरतो ते पाहावे. लगेच बोलू नये." काकू हसायला लागल्या. "असेच होते. जेवायला बोलावलं तरी लगेच बोलायचे नाहीत."

९ एप्रिल

समितीचं पत्र आलं. संग्रह घेणार, पण इतर संग्रहांबरोबर, मोठ्या दालनात. वेगळी खोली नाही, पाटी नाही. ग्रंथपाल बाई भांडल्या असाव्यात, आवाज बसला होता. म्हणाल्या, एवढं तरी पदरात पडलं, नाहीतर नकारच येत होता.

ताई फोनवर म्हणाली, "एका सायकलीसाठी तू अण्णांचं नाव पुसलंस." मी म्हणालो, सायकलीसाठी नाही. तिने फोन ठेवला.

२२ एप्रिल

गाडी आली. दोनशे त्र्याऐंशी पोथ्या गेल्या. मी गाडीमागून रिक्षाने गेलो, उतरवताना दोनशे त्र्याऐंशी पुन्हा मोजल्या आणि प्रतिज्ञापत्रावर सही केली. पेन अडखळलं नाही. चिठ्ठ्या आपापल्या पोथ्यांत आहेत आणि रचना अण्णांची, जमली तेवढी. बाईंनी जानेवारीत काढलेल्या फोटोंवरून दोन दिवस घालवून पुन्हा लावली होती.

पाण्याच्या पोथीला बाईंनी पहिल्याच भेटीत एक नंबर देऊन ठेवला होता. नोंदवहीत आता एक नंबर कोरा आहे आणि यादी दोनपासून सुरू होते. मी म्हणालो, सरकवून घ्या. त्या म्हणाल्या, "असू दे. त्यांना विचारत राहा. निदान फोटो तरी काढू द्या म्हणावं." शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, "विचारणा चालू."

खोली रिकामी झाली. लेकीने भिंतींना पांढरा रंग ठरवला आहे. टेबल मी झोपण्याच्या खोलीत घेतलं. काच चांगली आहे, टाकवत नाही.

२ मे, गुरुवार

काकूंकडे गेलो होतो. जुनी पोथी बंद राहिली तर कसर लागते, कुणीतरी पानं उलटायला हवीत, म्हणून जातो. चार ओळी झाल्या. मुंग्यांच्या वारुळावरून पाणी कसं ओळखावं. "हे मला माहीत आहे," काकू म्हणाल्या आणि पुढचं सगळं तोंडपाठ सांगितलं. भावांना शिकवत होते तेव्हा त्या दाराआड धान्य निवडत बसायच्या. वाचून ताडून पाहिलं. एक शब्द चुकला होता, तो माझा.

ही म्हणते गुरुवारी माझा इस्त्रीचा शर्ट हरवत नाही.

१६ मे, गुरुवार

लेकीचा दवाखाना सुरू झाला. ताईने तिला फोन करून शुभेच्छा दिल्या, मला फोन द्यायला सांगितलं नाही.

हिशेब करून पाहिला. एकशे चार पानं, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. माझ्या वेगाने, गुरुवारचे गुरुवार, चार वर्षांच्या वर लागतील. ग्रंथपाल बाईंना तसं कळवलं. त्या हसल्या, पण त्यांना माझी गंमत वाटली की पोथीची, ते कळलं नाही.

आज अर्धं पान झालं. निघताना नेहमीसारखं विचारलं, उभं राहून, नीट शब्दांत, जसं अधिकार असलेल्या माणसाला विचारावं तसं. "काकू, ही पोथी विद्यापीठाला देऊ का?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. पोथीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. खरोखर विचार करतात त्या दर वेळी.

"नाही," म्हणाल्या. इतक्या समाधानाने नाही म्हणणारं माणूस मी पाहिलेलं नाही.

"फोटो तरी?"

"तेही नाही." दार लावता लावता म्हणाल्या, "पुढच्या गुरुवारी परत विचार."